दुखणं बोईसरला, लेक दातिवऱ्याला

“दारू घेता का?”

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी टेबलावर कुशीला वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. अंगावर घरातलीच साडी, केस सुटलेले, ओकून ओकून घसा सोललेला. वयाची पंचविशीही झाली नव्हती. आधी वाटलं, ते माझ्या नवऱ्याला विचारताहेत. मग लक्षात आलं, प्रश्न मलाच आहे. आणि उशाशी माझ्या सासूबाई उभ्या होत्या.

“नाही,” मी म्हटलं.

“कधीतरी? ताडी वगैरे? माहेर कुठलं तुमचं?”

“दातिवरं.”

डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. या आजारात हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण पुष्कळांना तो दारूनेच होतो. पण मी दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते, आणि तरी मला तो झाला होता. माझ्यासारख्या बायका, तरुण मुलं-मुली आजही याच प्रश्नापुढे मान खाली घालून बसत असतील. हे लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी. आणि थोडं माझ्या लेकीसाठी, कारण तिच्या लहानपणीचा एक मोठा तुकडा मी पाहिलाच नाही.

दुखण्याची सुरुवात

ऐंशीनंतरची ती वर्षं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नवेनवे कारखाने उभे राहत होते. मी दातिवऱ्याहून येऊन बोईसरला आत्याकडे राहायचे आणि एका कापड कारखान्यात पॅकिंगला होते. मनूचे, म्हणजे माझ्या लेकीचे, बाबा तिथेच फिटर. ते मूळचे साताऱ्याकडचे. आमचं लग्न आम्हीच ठरवलं. त्यांच्या आईला हे पसंत नव्हतं. समुद्राकाठची, मासे खाणारी, नोकरी करणारी सून त्यांच्या मनात बसत नव्हती. तरी मनू झाली तेव्हा त्या गावाहून आल्या, बाळंतपण नीट केलं, आणि मग आमच्याकडेच राहिल्या. एका खोलीत आम्ही चौघं.

मनू सहा-सात महिन्यांची असताना पहिल्यांदा दुखलं. बरगड्यांच्या खाली, मधोमध सुरू झालं आणि आरपार पाठीत गेलं. आतून कोणी गिरमिट फिरवतंय असं. उताणं झोपलं की वाढायचं. गुडघ्यांवर ओणवं होऊन, उशी पोटाशी दाबून धरली की जरा श्वास घेता यायचा. चाळीजवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गुलाबी औषध दिलं. दोन-तीन दिवसांनी थांबलं. मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. कोणी गॅस म्हणालं, कोणी बाळंतपणातला वात, कोणी म्हणालं इथली हवा बाधली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. माझी हाडं दिसायला लागली. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं. संडासला गेलं की वर तेलाचा तवंग दिसायचा. ही गोष्ट मी लाजेने कुणाला सांगितली नाही. तुम्हाला असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. त्यांना त्यावरून पुष्कळ कळतं.

मी भिंतीकडे तोंड करून ओणवी झाले की मनूला वाटायचं आई घोडा झालीय. ती हसत पाठीवर चढायची. मी तिला उतरवत नसे. तिचं वजन नेमकं दुखत्या जागेवर पडायचं आणि का कोण जाणे, बरं वाटायचं.

नाव कळलं तो दिवस

त्या दिवशी कळ आली ती थांबेचना. मनूचे बाबा कारखान्यातली जीप घेऊन आले आणि मला पालघरला नेलं. रक्त तपासलं, पोटाचा एक्स-रे काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. पाठीच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके होते. जाड्या मिठाचे खडे सांडावेत तसे.

निरोप मिळून माझी आईही दातिवऱ्याहून आली होती. मनूला कडेवर घेऊन ती दारात उभी होती.

“हे स्वादुपिंड,” डॉक्टर बोट फिरवत म्हणाले, “आणि त्याच्यात हे खडे.”

“पिंड?” आई एकदम पुढे आली. “पिंड कसला वो? माजी पोर जिती हाय!”

आमच्याकडे पिंड म्हणजे दहाव्याला कावळ्यासमोर ठेवायचा तो. डॉक्टर गडबडले. मग स्टूल ओढून आईसमोर बसले.

“आजी, हे पोटातल्या एका अवयवाचं नाव आहे. जठराच्या मागे असतो. त्याच्यातून रस पाझरतो आणि आतड्यात जाऊन अन्न पचवतो. हिच्या रसाची वाट खड्यांनी अडवलीय. बाहेर जायला रस्ता नाही, म्हणून तो रस त्या अवयवालाच जाळतोय. त्याने सूज येते.”

“सूज उतरंल ना पन?”

“काही माणसांना एकदाच येते. तीही साधी नसते, माणूस दगावूही शकतो, पण त्यातून वाचला तर पुन्हा पूर्वीसारखा होतो. हिची तशी नाही. हिची मुक्कामाला आलीय. पुन्हा पुन्हा उठणार. मुंबईला मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल. बहुतेक ऑपरेशन.”

मी टेबलावरून सगळं ऐकत होते. खरं सांगते, भीती नंतर आली. आधी हायसं वाटलं. दोन वर्षं मी सोंग करते की काय असं मलाच वाटायला लागलं होतं. दुखण्याला नाव होतं, आणि ते एक्स-रेवर दिसत होतं.

मग नजर मनूकडे गेली. ती आजीच्या कानातल्या कुडीशी खेळत होती.

“हिला मी नेते,” आई म्हणाली. “तू बरी हो. मंग घेऊन जा.”

दुसरा मार्ग नव्हता. मनूच्या बाबांची पाळ्यांची ड्यूटी, त्यात मुंबईच्या खेपा. सासूबाईंचे गुडघे धरलेले, दुडदुडत्या पोरीमागे धावणं त्यांना जमलं नसतं. मनूला सांगितलं, आजीकडे होड्या बघायला जायचं. ती इतकी खुश झाली की जाताना तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. रडली असती तर मला सोसलं नसतं, हे खरं. पण ती न रडता गेली, ते जास्त दिवस टोचलं.

वॉर्डात

मुंबईच्या त्या सरकारी रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड लांबलचक होता. उंच खिडक्या, डेटॉलचा वास, लोखंडी खाटा. पहाटे झाडू, मग रक्त घ्यायला येणारी मुलगी, मग डॉक्टरांचा घोळका. माझ्या नाकातून नळी घातली होती आणि तोंडाने काही घ्यायचं नाही असा हुकूम होता. पाण्याचा घोटही नाही. स्वादुपिंडाला विश्रांती द्यायची तर खाणंच बंद ठेवावं लागतं. ओठांवरून ओला कापूस फिरवायचे, तेवढंच.

भूक अशी गोष्ट आहे की ती आधी सणाचं जेवण मागत नाही. मला पेज आठवायची. पितळीतली, मीठ घातलेली, कडेला भाजलेला सुका बोंबील. आई सकाळी उन्हात बसून ती भुरकायची तो आवाजही आठवायचा. वॉर्डात जेवणाची गाडी यायची तेव्हा मी डोळे मिटून घेत असे आणि मनात दातिवऱ्याच्या घराच्या मागच्या दारी जाऊन बसत असे. तिथे आता मनू बसत असेल. आई तिला पेज भरवत असेल. फुंकर घालून. माझी भूक आणि मनूची आठवण त्या दिवसांत एकमेकींत इतकी मिसळली की कशासाठी डोळे भरून आले ते सांगता यायचं नाही.

शेजारच्या खाटेवर वाणगावच्या लक्ष्मीबाई होत्या. पन्नाशीच्या, मिरचीची वाडी असलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनाही हीच सूज, पण पित्ताशयातला खडा सरकून वाटेत अडकल्यामुळे आलेली. आल्या तेव्हा शुद्धीवर नव्हत्या. मग हळूहळू उतरली. पित्ताशय काढलं की पुन्हा होणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं.

“माजी जायाची, बाय,” त्या एकदा म्हणाल्या. “तुजी नाय जायाची म्हनतात. मला आयकाया आलं सकाळी.”

दुसरं कोणी असतं तर मला राग आला असता. पण त्या खोटा धीर देत नव्हत्या, याचंच बरं वाटलं. त्यांचं ऑपरेशन झालं, नळी निघाली, त्यांना पातळ भात सुरू झाला, तेव्हा त्या पाठ करून जेवायच्या. मला दिसू नये म्हणून. खाटेवर वळताना त्यांना टाके ओढायचे, तरीही.

एका संध्याकाळी भेटीच्या वेळी मनूचे बाबा खाटेच्या कडेला बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “हेमा, एक विचारतो. रागावू नकोस.”

“काय?”

“लग्नाच्या आधी, गावी… सणाला वगैरे… कधी घेतली होतीस का? डॉक्टर सारखं विचारतात. आई पण म्हणत होती, तिकडे बायका ताडी पितात म्हणून.”

नाकात नळी होती, हाताला सलाइन होतं. पाठ फिरवायचीही सोय नव्हती. मी वर पंख्याकडे बघत राहिले. ज्या माणसासाठी मी घरच्यांशी भांडले, त्याला माझ्या शब्दाची साक्ष डॉक्टरांकडून हवी होती. तो माणूस वाईट नव्हता. पाळी संपवून, आंघोळही न करता, बोईसरहून मुंबईला यायचा. पण त्या क्षणी मला तो फार लांबचा वाटला.

ते गेल्यावर लक्ष्मीबाई म्हणाल्या, “इचारलंन वाटतं? माज्या म्हाताऱ्याला पन इचारलं डाक्तरनी, हिला सवय हाय काय म्हनून. तो हसाया लागला. म्हनतो कसा, तिला असती तर मला तरी घोट भेटला असता.”

नळीसकट मी हसले. हसल्याने पोट दुखलं.

दोन-तीन दिवसांनी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मनूचे बाबा तिथेच होते. सोबतच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने पुन्हा तेच विचारलं. बाईंनी त्याला थांबवलं. मग माझ्या नवऱ्याकडे वळल्या.

“तुम्हाला सांगते, नीट ऐका. आपल्याकडे असे कितीतरी रोगी येतात. तरुण, सडपातळ, कधी थेंब न घेतलेले. त्यांच्या स्वादुपिंडात असे खडे का होतात ते आम्हाला पक्कं ठाऊक नाही. माहीत नाही तर मी तसंच सांगणार. पण त्यांनी काही पाप केलं म्हणून होत नाहीत, एवढं माहीत आहे.”

सगळे पुढच्या खाटेकडे गेले. मनूच्या बाबांनी माझ्या पायावरची चादर नीट केली, आधीच नीट असलेली, आणि बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. ते या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत, मीही नाही. माफी मागणं त्यांना जमलं नाही. पण इंजेक्शन द्यायला ते शिकले, त्याबद्दल पुढे लिहिते.

ऑपरेशन आणि नंतर

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही, आणि त्याचं वर्णन वाचून कुणाला फायदाही नाही. स्वादुपिंडाची नळी उघडून खडे काढले आणि ती आतड्याला जोडून रसाला नवी वाट करून दिली. शुद्धीवर आले तेव्हा कळ होती, पण ती जखमेची होती. जखमेची कळ वरवरची असते, तिला शेवट असतो. जुनी, आतली, पाठीत जाणारी कळ नव्हती. मी तिला शोधत राहिले, अंधाऱ्या खोलीत पायाने चाचपावं तशी. नव्हती.

घरी आले तेव्हा मी पार काडी झाले होते. थोड्याच महिन्यांत साखर सापडली. स्वादुपिंड इन्सुलिनही तयार करतं, आणि माझ्याकडे ते पुरेसं उरलं नव्हतं. रोज सुई. आमच्याकडे फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली आम्ही एका छोट्या मडक्यात, ओल्या वाळूवर ठेवायचो. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची. मला स्वतःला टोचून घ्यायला हात धजेना. मनूचे बाबा कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे जाऊन संत्र्यावर सराव करून आले. मशिनी उघडून त्यांचे हात राठ झालेले, पण सुई इतक्या अलगद द्यायचे की मला कळायचंही नाही.

तेल, तूप, खोबरं बंद. जेवताना पचनाच्या गोळ्या. मी उकडलेलं जेवत होते आणि एका खोलीत बाकीच्यांच्या फोडणीचा वास लपत नाही. आठवडाभराने लक्षात आलं की घरात फोडणीचा वासच येत नाही. सासूबाईंनी सगळ्यांचंच जेवण बिनतेलाचं केलं होतं.

“तुम्ही कशाला?” मी विचारलं.

“तुझ्याम्होरं बसून चरचरीत खायाचं, मला न्हाई घास उतरत,” त्या म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. ताडीबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

बोईसरची आई

आता मनूला आणायचं, असं मी रोज म्हणत होते. डॉक्टर म्हणत होते, जड उचलायचं नाही, दगदग नको, साखर स्थिरावू दे. मग आम्हीच भेटायला जायचो. गाडीने सफाळ्यापर्यंत आणि पुढे एसटीने दातिवरं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी वाटेभर मनात बोलत होते, मनू धावत येईल, तिला वाकून घ्यायचं नाही, खाली बसूनच घ्यायचं.

ती धावत आली नाही. आईच्या लुगड्यामागे उभी राहिली. उंच झाली होती, उन्हाने काळवंडली होती, केसांत वाळू.

“कोन आलंय बग,” आई म्हणाली.

मनूने मला नीट पाहिलं. “बोईसरची आई,” ती म्हणाली.

बरोबरच होतं. तिच्यासाठी आई म्हणजे माझी आई. तीच तिला न्हाऊ घालायची, तिच्याच कुशीत ती झोपायची. मी एका गावाहून येणारी दुसरी. मी आणलेली बिस्किटं तिने घेतली. माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळाने अगदी गोड आवाजात विचारलं, “तू कवा जाशील?”

परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी समुद्राकडे पाहिलं नाही. माझ्या हातांना तिच्या लहानपणीच्या डोक्याचा आकार आठवत होता. ते डोकं आता त्या मापाचं राहिलं नव्हतं, आणि नवं माप माझ्या हातांना माहीत नव्हतं.

ती चार वर्षांची झाल्यावर आम्ही तिला बोईसरला आणलंच. ती तीन दिवस दारात बसून राहिली. जेवेना. कारखान्याचा भोंगा वाजला की दचकायची. संध्याकाळी “मला आईपाशी ने” म्हणून हुंदके द्यायची, आणि मी समोरच बसलेली असायचे. चौथ्या दिवशी मला कळ आली. ऑपरेशननंतर इतकी मोठी पहिलीच. मला पालघरला नेलं. परत आले तर दातिवऱ्याहून आलेली आई मनूला घेऊन निघायच्या तयारीत होती.

“ऱ्हाऊ दे माज्यापाशी,” आई म्हणाली. “तुजं तुला होत नाय, हेमे.”

“तुला ती द्यायचीच नाहीये.”

बोलून गेले. आईने मनूच्या कपड्यांची पिशवी खाली ठेवली. तिचं तोंड उतरलं, पण ती रागावली नाही.

“नायच द्यायची,” ती हळू म्हणाली. “तू वारलीस तर माजं कोन ऱ्हाईल, सांग? मी रोज त्येच इचार करते. तुजा चेहरा हाय तिच्यात.”

तोवर मला वाटत होतं की या आजाराने मी एकटी कुणापासून तरी तुटलेय. आईलाही तिची लेक हवी होती. डोळ्यांसमोर वाळत चाललेली मी तिच्या हाती लागत नव्हते, म्हणून ती मनूला धरून बसली होती. आम्ही दोघी रडलो. मनू सासूबाईंच्या मांडीवर बसून आमच्याकडे बघत होती. ती गेली दातिवऱ्याला.

उलटा प्रवास

तोडगा सासूबाईंनी काढला. “पोरीला हिकडं वढायचं कशापायी? तूच जा की आईकडं. आमचं आम्ही बघतो.”

दिवाळीनंतर मी माझं मडकं, सिरिंज आणि गोळ्या घेऊन माहेरी राहायला गेले. मनूचे बाबा सुट्टीच्या दिवशी यायचे. सुई मी स्वतः घ्यायला शिकले, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आता मासे चालतील म्हणून सांगितलं होतं, पण तेल नको, खोबरं नको. आईने आयुष्यात तसं कालवण केलं नव्हतं. तिने ताजे बोंबील नुसत्या हळद, मीठ आणि कोकमाच्या पाण्यात शिजवले. समोर ठेवून म्हणाली, “आजाऱ्याचं जेवान हाय, चव नसंल.” मी पहिला घास तोंडात घेतला. वॉर्डातल्या त्या सगळ्या दुपारी एका घासात उतरल्या.

मनूला मी ओढलं नाही. नुसती घरात राहिले. ती आईच्या मागे मागे बोंबील वाळत घालायच्या मांडवाखाली फिरायची, मी ओट्यावर बसून बघायचे. काही आठवड्यांनी ती माझ्या सुईच्या वेळेला जवळ येऊन उभी राहू लागली.

“दुकते?”

“थोडं.”

“मंग कशाला टोचते?”

“जगायला.”

तिने विचार केला. दुसऱ्या दिवसापासून सुई टोचताना ती माझा दुसरा हात धरू लागली. मग केस विंचरून घ्यायला माझ्याकडे यायला लागली. मग एका दुपारी माझ्या शेजारी येऊन झोपली, आपणहून. मी हललेही नाही. कूस वळायची होती, अंग अवघडलं, तरी हलले नाही.

मे संपता संपता आम्ही निघालो. मनूला पहिलीत घालायचं होतं. तिनेच होकार दिला, अट एकच, दर सुट्टीला इकडे. निघायच्या दिवशी आई एसटीपर्यंत आली नाही. मांडवावरचे बोंबील उलटवत राहिली, वाळलेले होते तरी. मी हाक मारली तर मागे न बघता म्हणाली, “जा, गाडी चुकंल.” तिच्या पाठीकडे बघताना मला ओळखीचं वाटलं सगळं. इतकी वर्षं मी ज्या ठिकाणी उभी होते, तिथे आता आई उभी होती.

आणि अजून

आता मनू नववीत आहे. मला अजून कधीतरी कळ येते, पण पूर्वीसारखी नाही. जेवताना गोळ्या, रोज सुई, पथ्य. जुनाट सूज जात नाही. तिच्यासोबत राहायचं ते शिकता येतं. ज्यांना नव्याने कळलं असेल त्यांना एवढंच सांगेन: दुखतंय म्हणून सांगायला लाजू नका. कोणी दारूचं विचारलं तर खरं काय ते ताठ मानेने सांगा, घेत असाल तर तेही, आणि मग सोडा. आणि लहान मूल असेल, दूर ठेवावं लागलं, तर परत आणण्याची घाई करू नका. तुम्ही त्याच्याकडे जाऊन राहा.

एक गोष्ट सांगायची राहिली. बोईसरला आल्यावर पहिल्याच श्रावणात मनूला सडकून ताप आला. भर दुपार होती. मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तिचे डोळे मिटलेले. “आई,” ती म्हणाली. “काय गं?” मी वाकले. ती मान हलवत राहिली. “आई गो… आई…” माझा आवाज तिला नको होता. ती दातिवऱ्याला हाक मारत होती.

बोईसरला येऊन मला तिथल्यासारखं बोलायची सवय लागली होती. मनूशीही मी तसंच बोलायचे. त्या दुपारी मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या आईच्या बोलीत म्हटलं, “हाय बाय, मी हितंच हाय. नीज आता.”

तिची मूठ सैल झाली. ती झोपली. मी पट्टी बदलली, आणि ती जागी होईपर्यंत त्याच बोलीत काही ना काही बोलत बसले.